गूढलेखन : सकळ लिपीपासून संगणकापर्यंत



इतिहासावर व्याख्यान म्हटले म्हणजे लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी ऐकावयाच्या, अशी आपली साधारण समजूत असते. आजचा विषयही इतिहासाचाच आहे. परंतु तो लपविण्याचा इतिहास आहे. माणूस लिहावयास शिकला तो आपले म्हणणे दुसऱ्याला कळावे म्हणून. पण लिहिण्याची कला हाती येताच त्याला आणखी एक इच्छा झाली, आणि ती अशी की, लिहिलेले एकाला कळावे व दुसऱ्याला कळू नये. या इच्छेतून गूढलेखनाचे शास्त्र जन्मास आले. आज ते शास्त्र संगणकाच्या प्रोग्रामपर्यंत येऊन पोहोचले आहे आणि आपल्या खिशातील फोनमध्येही शिरले आहे. त्याची कथा सांगावयाची तर बगदाद, पॅरिस आणि अमेरिका येथवर जावे लागेल. तथापि तिचा एक फार मोठा अध्याय आपल्या मराठीतच घडला आहे. म्हणून आरंभ घरापासून करू.

आपल्या टेंभुर्णीच्या जाफराबाद तालुक्याला लागून भोकरदन तालुका आहे. तेथे जयदेववाडीस 'जाळीचा देव' हे महानुभाव पंथाचे प्रसिद्ध स्थान आहे. आपल्यापैकी कित्येकांनी तेथे दर्शन घेतले असेल. श्रीचक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या राजवटीत, या गोदावरीच्या मुलखात फिरून उपदेश केला तो साध्या मराठीत. त्यांच्या पश्चात म्हाइंभटाने ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून, त्यांच्या आठवणी विचारून, शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७८ च्या आसपास 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ तो हाच.

या पंथाचा मराठीविषयीचा आग्रह किती होता, हे सांगणारी एक आठवण त्यांच्या ग्रंथांत आहे. केशिराज हा संस्कृतचा पंडित. त्याने संस्कृतात ग्रंथरचना आरंभिली तेव्हा आचार्य नागदेवांनी त्याला थांबविले. संस्कृतात लिहिलेस तर माझ्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्ञान म्हातारीपर्यंत पोहोचले पाहिजे, ते पंडिताच्या पोथीत अडकता कामा नये, ही त्या काळी केवढी धाडसाची गोष्ट!

आणि आता पाहा, इतिहास कसा उलटा फिरतो. ज्या पंथाने म्हाताऱ्यांसाठी संस्कृत नाकारले, त्याच पंथाने पुढे आपले मराठी ग्रंथ अशा लिपीत लिहिले की, ती पंथाबाहेरच्या एकाही मराठी माणसास वाचता येऊ नये. चौदाव्या शतकात रवळोबास या ग्रंथकाराने 'सकळ लिपी' सिद्ध केली, असे परंपरा सांगते. 'सह्याद्रिवर्णन' हे काव्य लिहिणारा रवळोबास तो हाच. सकळ लिपीमागून सुंदरी, पारिमांडिल्य, अंकलिपी, शून्यलिपी, वज्रलिपी अशा आणखी कितीतरी लिपी निघाल्या.

असे का केले असावे? पंथ नवा, वर्णाश्रमाच्या रूढींना न जुमानणारा. स्त्रियांना आणि शूद्रांना संन्यास देणारा. त्याला शत्रू पुष्कळ. त्यातच देवगिरीवर उत्तरेकडून स्वाऱ्या झाल्या. त्या धामधुमीत मूळ पोथ्या नष्ट झाल्या आणि स्मरणावरून पुन्हा लिहाव्या लागल्या, अशीही परंपरा आहे. पवित्र वचने अपवित्र हाती पडू नयेत, त्यांची कोणी टवाळी करू नये, ही भावना तर होतीच. जिवावर बेतलेला मनुष्य दागिने जमिनीत पुरतो. महानुभावांनी आपले शब्द अक्षरांत पुरले.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे अवश्य आहे. पुष्कळांना वाटते की, मोडी ही सुद्धा गुप्त लिपीच होय. तसे नाही. मोडी ही हात न उचलता भरभर लिहिण्याची लिपी आहे. ती दफ्तरातील कारकुनापासून गावच्या कुळकर्ण्यापर्यंत सर्वांना येत असे. तिच्यात लपविण्याचा हेतू नाही. गुप्ततेचे खरे उदाहरण पाहावयाचे असेल तर गुरांच्या बाजारात जावे. दोघे व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून बैलाचा भाव ठरवितात आणि भोवती उभ्या असलेल्या माणसांना आकडा कळत नाही. सौदा चालला आहे हे सर्वांना दिसते, मात्र किंमत दिसत नाही. हे चित्र ध्यानात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता सकळ लिपीची रचना पाहू. तिचे मूळ तत्त्व अगदी सोपे आहे. एका अक्षराच्या जागी ठरवून दिलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहावयाचे, आणि काही नेहमीच्या शब्दांना व जोडाक्षरांना स्वतंत्र खुणा द्यावयाच्या. ही कल्पना भारतात नवी नव्हती. वात्स्यायनाने चौसष्ट कलांमध्ये 'म्लेच्छितविकल्प' म्हणून सांकेतिक बोलण्यालिहिण्याची कला गणली आहे. त्यावरील यशोधराच्या 'जयमंगला' टीकेत 'मूलदेवीय' नावाची पद्धत सांगितली आहे. तिच्यात अक्षरांच्या जोड्या लावून त्यांची अदलाबदल करतात. त-प ही एक जोडी, न-म ही दुसरी, ल-स ही तिसरी. या रीतीने 'मान' लिहावयाचे असेल तर 'नाम' असे उमटेल, आणि 'पाल' लिहिली तर 'तास' वाचला जाईल. ज्याला जोड्या ठाऊक त्याला अर्थ ठाऊक. बाकीचे भिंतीवरच्या पालीकडे सोडून घड्याळाकडे पाहत बसतील!

परंतु अशा कुलुपात एक मोठा दोष आहे. तो नवव्या शतकात बगदाद येथे अल् किंदी नावाच्या पंडिताने दाखवून दिला. प्रत्येक भाषेत काही अक्षरे वारंवार येतात आणि काही क्वचित येतात. अक्षराचा पोशाख बदलला तरी त्याची येण्याजाण्याची सवय बदलत नाही. तेव्हा गूढ मजकुरातील चिन्हे मोजावी. जे सर्वांत अधिक वेळा येते ते भाषेतील नेहमीचे अक्षर समजून चालावे, आणि तेथून एकेक टाका उसवीत जावे. महानुभावांच्या पोथ्यांत तर 'गोसावी', 'सर्वज्ञ' असे शब्द पानोपानी येतात. ज्याला चिकाटी आहे त्याला एवढा धागा पुरेसा आहे. म्हणजे अल् किंदीची विद्या जाणणाऱ्याला सकळ लिपी सोडविणे दुर्घट नव्हते.

मग ती शतकानुशतके टिकली कशी? मला वाटते, याचे उत्तर लिपीत नसून माणसांत आहे. ती सोडविण्याची इच्छा धरणारा कोणी भेटला नाही आणि जाणणाऱ्यांनी ती बाहेर सांगितली नाही. पंथाचे मठ महाराष्ट्राबाहेर पंजाबात, पेशावरात आणि थेट काबूलपर्यंत गेले. तेथेही या मराठी पोथ्या निष्ठेने जपल्या गेल्या. गुरूने शिष्याला किल्ली द्यावी, शिष्याने मौन पाळावे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. कुलूप कच्चे होते. राखणदार पक्के होते.

या गुप्ततेने काय मिळविले आणि काय घालविले, याचा जमाखर्च आपण मांडला पाहिजे. जमेची बाजू लहान नाही. ज्ञानेश्वरी सर्वांच्या हाती होती, म्हणून तिच्या पोथ्यांत इतके पाठभेद शिरले की, इ. स. १५८४ मध्ये एकनाथ महाराजांना तिची प्रत शुद्ध करावी लागली. महानुभावीय ग्रंथांतही पाठभेद आहेतच. तथापि परक्या हातांचा संसर्ग त्यांना झाला नाही. यादवकालीन मराठी गद्य, त्यातील घरगुती शब्द, बाजारातील बोलणे, स्त्रियांचे संवाद हे सर्व आपल्यापर्यंत इतक्या ताजेपणी येऊन पोहोचले, याचे श्रेय या बंद पेटीला दिले पाहिजे.

खर्चाची बाजू मात्र मन खिन्न करणारी आहे. जे आपल्याला वाचता येत नाही त्याच्याविषयी माणूस संशय घेतो. यांच्या पोथ्यांत काही तरी लपविण्याजोगे असले पाहिजे, असा तर्क लोकांनी केला. त्या संशयाची खूण आपल्या भाषेवर आजही आहे. ढोंगीपणाने गोड बोलणाऱ्याला आपण 'मानभावी' म्हणतो. तो शब्द या पंथाच्या नावावरूनच आला आहे. केवढा हा अन्याय! मोठा अनुभव असलेला तो महानुभाव. त्याच्या नावाचा अर्थ कोशात कपटी असा होऊन बसला. द्वेष्ट्यांनी निंदा केली हे खरे. परंतु त्या निंदेला उत्तर देणारे पुरावे, म्हणजे पंथाचे स्वतःचे ग्रंथ, कुलपात होते. साक्षीदाराचेच तोंड बांधलेले असल्यावर निवाडा कसा व्हावा?

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हे कुलूप उघडले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे या दोघांची नावे या कामात मुख्यत्वे घेतली जातात. पंथातील जाणत्या महंतांनीही काळाची पावले ओळखून आपल्या पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. भाव्यांच्या ग्रंथाच्या १९१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत महानुभाव ग्रंथकारांना मानाचे स्थान मिळाले. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल गावी १९०८ मध्ये जन्मलेले वि. भि. कोलते यांनी आपल्या उभ्या आयुष्याची वर्षे या वाङ्मयाला दिली. १९७० मध्ये रेसाइड या इंग्रज अभ्यासकाने लंडनच्या एका विद्वन्मान्य नियतकालिकात सकळ लिपीवर स्वतंत्र निबंध लिहिला. पोथ्या उघडल्या तेव्हा काय निघाले? जाळे नाही, कपट नाही. निघाले ते मराठीचे सोने. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यामागे भाषेच्या प्राचीनतेचे जे पुरावे आहेत त्यांत लीळाचरित्राला फार वरचे स्थान आहे.

आता आपण महाराष्ट्राची सीमा ओलांडू. कारण सकळ लिपीने जो प्रश्न उभा केला त्याचे शास्त्रीय उत्तर पॅरिसमध्ये १८८३ साली मिळाले. ऑगस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने लष्करी गूढलेखनावर निबंध लिहून एक नियम घालून दिला. त्याचे सार असे की, गूढलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडता कामा नये. गुप्त राहावयाची ती फक्त किल्ली. कुलपाची रचना सर्व लोहारांना ठाऊक असते. म्हणून काही कोणाची घरे फुटत नाहीत. ज्याच्या त्याच्या किल्लीचे दाते निराळे असतात, एवढ्यावर सारी सुरक्षितता उभी आहे. सकळ लिपीत मात्र पद्धत आणि किल्ली एकच होती. तक्ता एकदा बाहेर पडला की सर्व काळच्या सर्व पोथ्या एकदम उघड्या! किल्ली बदलण्याची सोयच नव्हती.

हा नियम साधा दिसतो. परंतु शहाणीसुरती माणसेही तो विसरतात. चित्रपटांच्या तबकड्या, ज्यांना डीव्हीडी म्हणतात, त्यांची नक्कल होऊ नये म्हणून कारखानदारांनी एक गुप्त पद्धत योजली होती. ती प्रत्येक चालक यंत्रात लपलेली होती. १९९९ मध्ये काही तरुणांनी ती उकलली आणि महिन्यांच्या आत ती जगभर झाली. सकळ लिपीला निदान निष्ठावंत राखणदार तरी होते; या पद्धतीचा राखणदार म्हणजे विकत मिळणारे यंत्र!

येथून आपण अगदी आजच्या संशोधनापाशी येतो. पत्र लपविणे वेगळे आणि आज्ञा लपविणे वेगळे. पत्र पेटीत बंद करून ठेवता येते. आज्ञा मात्र पाळली जावी लागते. संगणकाचा प्रोग्राम म्हणजे आज्ञांची यादी. एखाद्या आचाऱ्याने आपल्या मसाल्याची कृती दुसऱ्याच्या हाती द्यावी, त्या दुसऱ्याने हुबेहूब तीच भाजी करावी, परंतु कृती वाचूनही मसाल्यात काय आहे ते त्याला कळू नये, अशी ही मागणी आहे. प्रोग्राम चालावा पण उमगू नये. याला आपण आज्ञावलीचे गूढीकरण म्हणू. उपरण्याखालच्या सौद्याची आठवण करा: व्यवहार सर्वांसमक्ष, मर्म झाकलेले.

व्यवहारात हे काम फार दिवस ओबडधोबड रीतीने चालले होते. प्रोग्राममधील नावे बदलावी, सरळ रस्ता सोडून आडवळणे घ्यावी, निरर्थक ओळी घुसडाव्या. वाचणाऱ्याचा वेळ जाई, एवढाच त्याचा गुण. ही सकळ लिपीचीच धाकटी बहीण होय. याला गणिताचा पाया असू शकतो, ही सूचना १९७६ मध्ये अमेरिकेत डिफी आणि हेलमन यांच्या एका युगप्रवर्तक निबंधात आली. ज्या किल्लीने कुलूप लावावयाचे ती जाहीर करावी आणि उघडण्याची तेवढी स्वतःजवळ ठेवावी, असा त्या निबंधाचा मुख्य विचार. बँकेचे आजचे व्यवहार त्यावरच चालतात. कुलूप लावणाऱ्या प्रोग्रामचेच असे गूढीकरण केले की, तो चालविता यावा पण उलगडता येऊ नये, तर हे साधेल, असे त्यांनी तेथे सुचविले होते.

पुढे पंचवीस वर्षांनी, २००१ मध्ये, बोआझ बराक, ओडेड गोल्डराइख, अमित सहाई, सलील वढन आणि त्यांचे तीन सहकारी यांनी सर्वांना धक्का देणारी गोष्ट सिद्ध केली. प्रोग्राम कोणताही असो, त्याचे परिपूर्ण गूढीकरण करणारी एकच सार्वत्रिक युक्ती असूच शकत नाही. त्यांचा युक्तिवाद मोठा मौजेचा आहे. समजा, एका प्रोग्रामच्या पोटात एक रहस्य आहे, आणि त्याला आज्ञा दिली आहे की, जो कोणी तुझ्याच कृतीची पुरी प्रत तुझ्यापुढे ठेवील त्याला रहस्य सांगून टाक. बाहेरून नुसते प्रश्न विचारणाऱ्याला अशी प्रत कधी तयार करता येणार नाही. त्याला रहस्य कळणार नाही. पण ज्याच्या हाती प्रोग्रामच दिला आहे, त्याच्याजवळ ती प्रत आयतीच आहे. ती कितीही विद्रूप केलेली असो, ती चालते याचा अर्थ ती पुरी आहे. त्याने ती त्यालाच वाचावयास दिली की रहस्य बाहेर! चोराला चोराच्याच तोंडून बोलते करावे, तसा हा प्रकार.

तेव्हा शास्त्रज्ञांनी मागणी थोडी कमी केली. एकच काम करणारे, एवढ्याच लांबीचे दोन प्रोग्राम घ्यावे. गूढीकरणानंतर, समोरचा या दोहोंपैकी कोणापासून निघाला हे कोणालाही ओळखता येऊ नये, एवढेच पुरे. ही मागणी दिसावयास दुबळी. परंतु ती पुरी झाली तर तिच्यातून गूढलेखनाची किती तरी साधने घडविता येतात, असे आढळून आले. २०१३ मध्ये सहाई आणि त्यांच्या पाच सहकाऱ्यांनी त्याचा पहिला आराखडा मांडला. तो जाहीर होताच जगातील गणिती त्याच्यावर तुटून पडले. त्याचे आधार पुष्कळ ठिकाणी ढासळले. शेवटी २०२० मध्ये आयुष जैन, हुइजिया लिन आणि अमित सहाई यांनी, दीर्घकाळ तपासल्या गेलेल्या गणिती गृहीतकांच्या पायावर हे गूढीकरण शक्य आहे, असे दाखविले. आजमितीस ते इतके संथ आहे की, व्यवहारात त्याचा उपयोग होत नाही. परंतु पाया सापडला आहे.

या हकिकतीतील एक गोष्ट आपल्या विशेष ध्यानात यावी. लपविण्याचे हे सर्वांत खोल शास्त्र उघड्यावर चालले आहे. पद्धती छापल्या जातात, प्रतिपक्षाला आव्हान दिले जाते, चुका चारचौघांत दाखविल्या जातात. जे या माऱ्यातून टिकते तेवढ्यावरच विश्वास ठेवावयाचा. पद्धत झाकून ठेवणे हे शास्त्रज्ञ दुबळेपणाचे लक्षण समजतात.

याचा आपल्याशी, टेंभुर्णीच्या नागरिकांशी, काय संबंध? फार जवळचा आहे. पूर्वी पोथी महंताजवळ असे. आता आपला पैसा, आपली जमिनीची नोंद, आपली ओळख, मुलांची गुणपत्रिका ही सर्व प्रोग्रामच्या हाती आहेत. तेथे दोन प्रकारची गुप्तता चालते आणि त्यांत भेद करावयास आपण शिकले पाहिजे. माझ्या खात्याची किल्ली गुप्त राहावी, हा माझा हक्क आहे. परंतु माझ्या बाबतीत निर्णय करणारा नियम माझ्यापासूनच गुप्त असावा, ही निराळी गोष्ट झाली. पहिली गुप्तता दुबळ्याची ढाल आहे. दुसरी बलवंताची होऊ शकते. २०२० च्या साथीत केंद्र सरकारने 'आरोग्य सेतु' हा प्रोग्राम एप्रिलमध्ये फोनवर आणला. त्याच्या पोटात काय आहे, असे लोक विचारू लागले आणि मे महिन्याच्या अखेरीस त्याची मूळ संहिता सर्वांना पाहण्यास खुली करण्यात आली. लोकांनी विचारले म्हणून पेटीचे झाकण उघडले, हे त्यातले मर्म आहे.

महानुभावांना मी दोष देत नाही. ते दुबळे होते, त्यांच्याजवळ दुसरे कुलूप नव्हते आणि त्यांनी राखले ते सोने होते. पण त्यांची कथा आपल्याला एक प्रश्न विचारावयास शिकविते: हे कोणापासून लपविले आहे? शत्रूपासून लपविता लपविता ते ज्यांच्यासाठी लिहिले होते त्यांच्यापासूनच लपले, तर नागदेवांच्या त्या म्हाताऱ्या बाया पुन्हा दाराबाहेरच राहतात. शास्त्र पुढे जाईल, कुलुपे अधिक पक्की होतील. किल्ली कोणाच्या हाती असावी, हे ठरविण्याचे काम मात्र शास्त्रज्ञांचे नव्हे. ते आपले आहे.